रुडॉल्फ डिझेल : बर्फाच्या कारखान्यातून अग्नीच्या शोधाकडे

पौष महिन्यातील पहाटेस मुरबाड-शहापूरच्या बाजूला पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो. मुंबईकराला ही थंडी सुखावह वाटते. परंतु भाजीचा टेम्पो घेऊन कल्याणच्या बाजारात वेळेवर पोहोचावयाचे असलेल्या माणसास ती सुखावह वाटत नाही. सेल्फ मारला की इंजिन कण्हते, दोन-चार वेळा पांढरा धूर टाकते आणि गप्प होते. मग पुन्हा सेल्फ, पुन्हा धूर. त्याच गावातील पेट्रोलवर चालणारी मोटारसायकल मात्र दोन किकमध्ये सुरू होऊन निघून गेलेली असते. असे का व्हावे, हा प्रश्न आपल्या वसतिगृहातील कोणाही जिज्ञासू विद्यार्थ्यास पडावा. त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण सव्वाशेहून अधिक वर्षे मागे, एका बुकबांधणी करणाऱ्या कारागिराच्या मुलाच्या वहीपर्यंत जाऊन पोहोचतो. त्या मुलाचे आडनाव आज पेट्रोलपंपावर दिवसातून हजारदा उच्चारले जाते. परंतु ते एका माणसाचे नाव आहे, हे उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिस येथे झाला. आपल्याकडे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन तेव्हा पाच वर्षे आणि लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचून चार वर्षे झाली होती. ते युग वाफेचे होते. रुडॉल्फ यांचे वडील थिओडोर हे मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. पॅरिसमध्ये ते बुकबांधणीचा आणि चामड्याच्या वस्तू तयार करण्याचा व्यवसाय करीत. घरातच कारखाना आणि कारखान्यातच घर. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोहोचविण्याचे काम बाल रुडॉल्फकडे असे. सुटीच्या वेळी हा मुलगा शहरातील यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन बसे. तेथे क्युन्यो नावाच्या फ्रेंच अभियंत्याने अठराव्या शतकात बनविलेली वाफेची अवजड गाडी ठेवलेली होती. तिची आणि इतर यंत्रांची चित्रे काढण्यात त्याचे तासन्‌तास जात. अभ्यासातही तो हुशार होता. त्याच्या पुढील शिक्षणाची वाट मोकळी होत असतानाच 1870 साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले.

युद्ध सुरू होताच पॅरिसमधील जर्मन कुटुंबे परकी ठरली. ज्या शहरात मुले जन्मली, ज्या शहराची भाषा ती घरातल्या भाषेइतकीच सहज बोलत, त्या शहरातून डिझेल कुटुंबास हाती येईल ते घेऊन बाहेर पडावे लागले. त्यांनी लंडन गाठले. तेथे ना काम, ना ओळख. आई-वडिलांनी अखेर एक कठोर निर्णय घेतला. बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील ऑग्सबुर्ग या शहरी नातलगांकडे शिकावयास पाठवावयाचे ठरले. युद्धामुळे विस्कळीत झालेल्या रेल्वेगाड्यांतून, कित्येक दिवसांचा प्रवास करून, हा मुलगा एकटाच तेथे पोहोचला. आई-वडिलांचे घर सोडून शिक्षणासाठी दूर राहणे म्हणजे काय असते, हे या स्मरणिकेच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. पहिल्या आठवड्यातील ती रात्र, परकी खाट, आणि उशीखाली ठेवलेले घरचे पत्र हे सर्व आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवलेले आहे.

ऑग्सबुर्ग येथील क्रिस्टोफ बार्निकेल हे गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने या मुलास आपल्या घरी ठेवून घेतले. ते ज्या औद्योगिक शाळेत शिकवीत, तेथेच रुडॉल्फ शिकू लागला. त्या घराने त्याला शिस्त दिली, वेळेवर उठणे, जेवणे, अभ्यास करणे दिले. आणि गणिताकडे भीतीने नव्हे तर आवडीने पाहण्याची दृष्टी दिली. चौदाव्या वर्षीच त्याने आई-वडिलांना पत्र लिहून आपण अभियंता होणार असल्याचे कळविले. 1873 साली तो वर्गात पहिला आला.

याच शाळेतील एका लहानशा उपकरणाची गोष्ट सांगितली जाते. काचेची एक जाड नळी, तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या, आणि दट्ट्याच्या टोकास कापसासारख्या ज्वालाग्राही पदार्थाचा लहानसा तुकडा. दट्ट्या एका झटक्यात आत दाबला की नळीतील हवा दबते, तापते आणि तो तुकडा पेट घेतो. काडी नाही, गारगोटी नाही. केवळ दाबलेली हवा. आग्नेय आशियातील लोक असे अग्निदट्टे लाकडाचे किंवा शिंगाचे बनवून पूर्वापार वापरीत आले होते. युरोपात ते उपकरण भौतिकशास्त्राच्या वर्गात चमत्कार म्हणून दाखविले जाई. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, त्यामागील तत्त्वही हेच. हवा दाबली की ती तापते. या एका वाक्यात डिझेल यांचे पुढचे सर्व आयुष्य सामावलेले आहे आणि मुरबाडच्या टेम्पोची पहाटेची तक्रारही.

शिष्यवृत्ती मिळवून 1875 साली रुडॉल्फ म्युनिकच्या तांत्रिक महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना कार्ल लिंडे हे प्राध्यापक लाभले. लिंडे हे शीतकरण यंत्राचे थोर संशोधक. उष्णतेचे शास्त्र ते शिकवीत. एका व्याख्यानात त्यांनी सांगितले की, उत्तमात उत्तम वाफेचे इंजिनदेखील कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामात आणते. उरलेली सर्व उष्णता वाया जाते. सादी कार्नो या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1824 मध्येच आदर्श उष्णता-इंजिन कसे असावे, हे कागदावर मांडून ठेवले होते. ते प्रत्यक्षात आणता येईल काय, असा प्रश्न तरुण रुडॉल्फ यांनी आपल्या वहीच्या समासात टिपून ठेवला. परीक्षेत गुण मिळविण्यासाठी वही लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. समासातील एका ओळीसाठी पुढची पंधरा-वीस वर्षे देणारा विरळा.

परीक्षेच्या वेळी विषमज्वराने त्यांना गाठले. परीक्षा हुकली. मधला काळ त्यांनी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झुल्त्सर कारखान्यात हात काळे करून घालविला आणि 1880 च्या जानेवारीत परीक्षा देऊन ते अत्युच्च गुणांनी उत्तीर्ण झाले.

आता येथे एक गंमत घडली. उष्णतेचा ध्यास घेतलेल्या या तरुणास पहिली नोकरी मिळाली ती बर्फाच्या कारखान्याची. लिंडे यांच्या शीतकरण यंत्रांचा पॅरिसमधील कारखाना उभारण्यास ते त्या शहरी परतले, ज्या शहराने दहा वर्षांपूर्वी त्यांच्या कुटुंबास बाहेर घालविले होते. लवकरच ते त्या कारखान्याचे संचालक झाले. 1881 साली त्यांनी स्वच्छ पारदर्शक बर्फ तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंटही मिळविले. 1883 साली मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली. दिवसा बर्फ आणि रात्री अग्नी असा त्यांचा क्रम सुरू झाला. वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरून इंजिन चालविण्याचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे केले. ते निष्फळ ठरले; पण उच्च दाब कसा हाताळावा, हे ते त्यातूनच शिकले. 1890 मध्ये ते बर्लिनला गेले आणि अमोनिया सोडून साध्या हवेकडे वळले. 1892 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला व 1893 साली ते मंजूर झाले. त्याच वर्षी त्यांनी आपली कल्पना एका पुस्तकरूपाने जगासमोर ठेवली.

ती कल्पना अशी. सिलिंडरमध्ये प्रथम केवळ हवा घ्यावयाची, इंधन नाही. दट्ट्याने ती हवा इतकी दाबावयाची की ती तापून लाल लोखंडासारखी दाहक व्हावी. मग नेमक्या क्षणी त्या तप्त हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडावयाचा. ठिणगी लागत नाही. इंधन आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात आग लावणारा कोणी नाही. दाबलेली हवा हीच तेथली काडी.

विद्यार्थी मित्रांनी येथे थोडे गणित करून पाहावे. तापमान सेल्सिअसमध्ये न मोजता केल्व्हिनमध्ये मोजले, तर सोळा पट दाबलेल्या हवेचे तापमान तत्त्वतः सुमारे तिप्पट होते. उन्हाळ्यातील सकाळी हवा 27 अंश सेल्सिअस, म्हणजे 300 केल्व्हिन असेल, तर दाबल्यावर ती 900 केल्व्हिन, म्हणजे 627 अंश सेल्सिअस होईल. हीच हवा हिवाळ्यात 7 अंशांवर, म्हणजे 280 केल्व्हिनवर आली, तर दाबल्यावर 840 केल्व्हिन, म्हणजे 567 अंश. बाहेर वीस अंश उतरले की आत साठ अंश उतरतात. लडाखमध्ये उणे 23 अंशांवर हिशेब केला तर आतील तापमान 477 अंशांवर येते. बाहेरच्या पन्नास अंशांनी आत दीडशे अंशांची तूट पाडलेली असते. थंडीचा मार असा तिप्पट होऊन आत पोहोचतो.

हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात तूट याहून मोठी असते. रात्रभर गारठलेले सिलिंडरचे लोखंड दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेते. वंगणाचे तेल घट्ट झाल्याने इंजिन जड फिरते. ते हळू फिरले की उष्णतेला भिंतीत मुरावयास आणि दाबलेल्या हवेला दट्ट्याच्या कड्यांच्या फटीतून निसटावयास अधिक वेळ मिळतो. बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. म्हणजे ज्या वेळी अधिक जोराची गरज, नेमक्या त्याच वेळी तिचा जोर कमी. या सर्वांचा परिणाम एकच : फवारा सुटतो, पण पेटत नाही, आणि अर्धवट तापलेले इंधन पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. तो धूर म्हणजे जळलेले नव्हे, न जळलेले डिझेल होय. एकदा का दोन-चार स्फोट नीट झाले की लोखंड तापते आणि मग त्याच इंजिनाला थंडीची पर्वा राहत नाही.

डिझेल यांना मात्र प्रथम थंडीशी नव्हे, स्वतःच्या आकड्यांशी झुंजावे लागले. पेटंटमध्ये त्यांनी अडीचशे वातावरणांइतका दाब कल्पिला होता. तो कोणत्याही तत्कालीन यंत्राच्या आवाक्याबाहेर होता. ऑग्सबुर्ग येथील यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिख बुत्स आणि क्रुप यांचा कारखाना यांनी त्यांना आधार दिला. ज्या शहरी बारा वर्षांचा पोर म्हणून ते एकटे उतरले होते, त्याच शहरी 10 ऑगस्ट 1893 रोजी पहिल्या इंजिनाची चाचणी झाली. कारखान्याच्या पट्ट्याने इंजिन फिरविले, इंधन सोडले, ते पेटले, आणि दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. कोणास इजा झाली नाही. यंत्र स्वतःच्या बळावर चालले नव्हते. पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते, हे सिद्ध झाले होते.

दुसरा प्रसंग 17 फेब्रुवारी 1894 चा. इंजिन नेहमीप्रमाणे पट्ट्यावर फिरत होते. एका कामगाराच्या लक्षात आले की पट्ट्याचा ताण बदलला आहे. आतापर्यंत पट्टा इंजिनास ओढीत होता, आता इंजिनच पट्ट्यास ओढू लागले आहे. सांगतात की, त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. यंत्र सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळावर चालले. शोधाचा तो क्षण प्रथम ओळखला तो पदवीधराने नव्हे, पट्ट्याकडे रोज पाहणाऱ्या कारागिराने. या चरित्रातील हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यानंतर आणखी तीन वर्षे गेली. नमुना पुन्हा बांधला, दाब तीस-चाळीस वातावरणांवर आणला, सिलिंडरभोवती थंड पाण्याचे आवरण घातले, इंधनाचा फवारा संपीडित हवेच्या जोराने सोडण्याची योजना केली. 17 फेब्रुवारी 1897 रोजी प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. सुमारे अठरा अश्वशक्तीच्या त्या इंजिनाने इंधनातील उष्णतेपैकी 26.2 टक्के भाग कामात आणला. वाफेच्या इंजिनाची जेमतेम दहा टक्क्यांची मर्यादा मागे पडली होती. वहीच्या समासातील प्रश्नास एकोणीस वर्षांनी उत्तर मिळाले होते.

येथे एका गोष्टीचा न्यायाने उल्लेख केला पाहिजे. दाबलेल्या हवेत मागाहून इंधन सोडण्याची कल्पना इंग्लंडमधील हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट यांनीही थोडी आधी मांडली होती आणि त्यांची इंजिने बाजारात आलीही होती. परंतु त्यांच्या इंजिनाचे डोके सुरू करण्यापूर्वी दिव्याच्या ज्योतीने कित्येक मिनिटे तापवावे लागे; कारण त्यातील दाब एकटा पुरेसा नव्हता. बाहेरून उष्णता न देता, केवळ दाबाने, गार इंजिन पेटविणे हे डिझेल यांचे. टीकाकारांनी पुढे पेटंटमधील मूळ सिद्धान्त आणि प्रत्यक्ष इंजिन यांतील फरकावर बोट ठेवले. ती टीका सर्वस्वी खोटी नव्हती. पण ज्यांनी बोट ठेवले, त्यांच्यापैकी कोणीही तोवर असे इंजिन चालवून दाखविले नव्हते.

पहिली विक्री 1898 मध्ये झाली, आणि कोणास? केम्प्टन गावच्या आगपेट्यांच्या कारखान्यास! जे इंजिन काडीवाचून पेटते, ते काड्या बनविणाऱ्यांकडे प्रथम गेले, यास काय म्हणावे? त्या इंजिनाने मालकास फार त्रास दिला. वारंवार बंद पडे. तरीही जगभरातून परवाने मागण्यास लोक येऊ लागले. अमेरिकेतील हक्क आडोल्फस बुश यांनी दहा लाख मार्क देऊन घेतले. बुकबांधणीवाल्याचा मुलगा लक्षाधीश झाला. म्युनिकमध्ये मोठा वाडा उभा राहिला. मात्र जो माणूस उष्णतेच्या एकेका अंशाचा हिशेब ठेवी, त्यास पैशाचा हिशेब जमला नाही. जमिनी, तेलाच्या विहिरी, कोर्टकज्जे यांत संपत्ती झिरपत गेली. अतिश्रमाने प्रकृती ढासळली आणि काही काळ त्यांना रुग्णालयात काढावा लागला. डोकेदुखी आणि सांध्यांचे दुखणे त्यांच्या पाठीस अखेरपर्यंत लागले.

डिझेल यांच्या मनात या यंत्राविषयी एक स्वप्न होते, आणि ते समजून घेतल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही. वाफेचे इंजिन मोठे, महाग आणि कोळसा खाणारे. ते भांडवलदारासच परवडे. त्यामुळे लहान कारागीर गिरण्यांपुढे चिरडला जात होता. वडिलांसारख्या माणसाच्या घरी ठेवता येईल, थोड्या खर्चात चालेल, असे लहान इंजिन निर्माण झाले तर कारागीर पुन्हा ताठ उभा राहील, अशी त्यांची धारणा होती. 1903 साली त्यांनी कामगारांच्या सहकारावर एक ग्रंथही लिहिला. कामगारांनी रोज थोडी थोडी रक्कम जमवून स्वतःच्या मालकीचे उद्योग उभारावेत, अशी योजना त्यात होती. छापलेल्या प्रतींपैकी फारच थोड्या खपल्या. इंजिनापेक्षा हा ग्रंथ आपले अधिक मोठे कार्य आहे, असे त्यांस वाटे. जगास तसे वाटले नाही.

स्वप्नाच्या आड निसर्गाचा नियमही आला. सिलिंडर जितका लहान, तितकी त्यातील हवेच्या मानाने भिंत मोठी. म्हणजे उष्णता तितक्या लवकर निसटणार आणि थंडीत ते सुरू होण्यास तितके कठीण. मोठ्या जहाजाचे इंजिन त्या मानाने सहज पेटते. शिवाय त्या काळी फवाऱ्यासाठी हवा दाबणारे अवजड यंत्र प्रत्येक इंजिनासोबत लागे. त्यामुळे कारागिराच्या घरी जाण्याऐवजी डिझेल इंजिन प्रथम वीजघरांत, जहाजांत आणि पाणबुड्यांत गेले. 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात मात्र एका लहान डिझेल इंजिनाने पाहणाऱ्यांस चकित केले. ते भुईमुगाच्या तेलावर चालत होते. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पिकविलेल्या तेलावर स्वतःचे इंजिन चालवावे, ही शक्यता आयुष्याच्या अखेरीपर्यंत डिझेल यांनी व्याख्यानांतून मांडली.

तेलाचा विषय निघालाच आहे, तर थंडीची आणखी एक करामत सांगितली पाहिजे. हिवाळ्यात वसतिगृहातील खोबरेल तेलाची बाटली सकाळी घट्ट होते आणि मुले ती उन्हात ठेवतात, हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे. डिझेलमध्येही मेणासारखे घटक असतात. कडक थंडीत त्यांचे स्फटिक होऊन ते इंधन गाळणाऱ्या फिल्टरमध्ये अडकतात आणि इंजिनापर्यंत तेल पोहोचतच नाही. ठाणे जिल्ह्यात ही वेळ येत नाही. लडाखमध्ये येते. तेथे टाकीखाली शेकोटी करून डिझेल पातळ करण्याच्या गोष्टी जुने ट्रकचालक सांगतात. 2019 च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले.

29 सप्टेंबर 1913 च्या सायंकाळी रुडॉल्फ डिझेल ड्रेस्डेन नावाच्या आगबोटीने अँटवर्पहून इंग्लंडला निघाले. तेथे एका नव्या इंजिन कारखान्याच्या कामासाठी त्यांस जावयाचे होते. रात्रीचे जेवण सहप्रवाशांबरोबर झाले. दहाच्या सुमारास ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी सव्वासहास उठविण्यास त्यांनी सांगून ठेवले होते. सकाळी खोली रिकामी होती. बिछाना वापरलेला नव्हता. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीस समुद्रात एक मृतदेह आढळला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे खिशातील वस्तू काढून घेऊन देह समुद्रास परत देण्यात आला. चष्म्याचे घर, गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू या वस्तू पुत्र ऑयगेन यांनी ओळखल्या. मागे राहिलेल्या कागदपत्रांवरून घरची सर्व संपत्ती संपून कर्ज झाले असल्याचे उघड झाले. हेरगिरीपासून तेलकंपन्यांच्या कटापर्यंत नाना वावड्या उठल्या; त्यांपैकी एकीसही पुरावा मिळाला नाही. पंचावन्न वर्षांचा, थकलेला, कर्जबाजारी माणूस एकटाच रात्री डेकवर गेला, एवढेच म्हणता येते.

त्यांच्या डोळ्यांदेखत डिझेलवर चालणारा एकही ट्रक रस्त्यावर आला नव्हता. ट्रक 1920 च्या दशकात आले. बॉश कारखान्याचा इंधनपंप 1927 पासून मोठ्या प्रमाणावर निघू लागला आणि हवा दाबणारे अवजड यंत्र अनावश्यक ठरले. मग इंजिन लहान होऊ लागले. लहान इंजिन थंडीत पेटेना, म्हणून विजेने तापणारा प्लग, ज्याला आपले चालक हीटर म्हणतात, तो आत बसविण्यात आला. किल्ली फिरविल्यावर गाडीच्या पटलावर वेटोळ्याच्या खुणेचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबावयाचे असते. बहुतेकजण थांबत नाहीत, आणि मग बॅटरीस दोष देतात.

जपानमध्ये यामाओका मागोकिची यांनी 1933 साली शेतकऱ्यास परवडेल असे लहान डिझेल इंजिन सिद्ध केले. डिझेल यांचे ऋण मानून त्यांनी पुढे 1957 मध्ये ऑग्सबुर्ग शहरास एक स्मृती-उद्यान अर्पण केले. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 पासून किर्लोस्करवाडीच्या माळावर लोखंडी नांगर आणि चरक घडविले होते. त्यांचे पुत्र शंतनुराव यांच्या पुढाकाराने 1946 मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत पाच अश्वशक्तीचे इंजिन विहिरीच्या काठी आले, पिठाच्या गिरणीत आले, उत्तनच्या कोळ्यांच्या होड्यांत बसले. वीज जेथे पोहोचली नव्हती, तेथे ते पोहोचले. मोट ओढणारा बैल मोकळा झाला. कल्याणच्या डिझेल शेडमधील रेल्वेची अजस्र इंजिने आणि बांधावरचे हे टुकटुक करणारे यंत्र या दोहोंची जात एकच.

त्या इंजिनास बॅटरी नव्हती, हीटर नव्हता. हिवाळ्याच्या पहाटे ते सुरू करण्याची रीत जुन्या शेतकऱ्यांस पाठ असे. आधी वरची लहान तरफ उचलावयाची, म्हणजे झडप उघडी राहते, हवा दबत नाही आणि हँडल हलके फिरते. मग दोन्ही हातांनी हँडल जोराने फिरवीत जावयाचे. जड चाकास पुरेसा वेग आला, की एकदम तरफ खाली टाकावयाची. त्या क्षणी झडप मिटते, हवा कोंडली जाते, आणि चाकाचा सर्व वेग एका दाबात उतरतो. वेग कमी पडला तर इंजिन फुसकन धूर टाकून थांबे आणि सर्व पुन्हा पहिल्यापासून. कोणी हवा घेण्याच्या तोंडाशी पेटता बोळा धरी, म्हणजे आत जाणारी हवाच थोडी तापलेली असे. चौथ्या किंवा पाचव्या खेपेस एक ठोका पडे, मग दुसरा, आणि धुराड्यातून काळा धूर निघून पाटास पाणी येई. हँडल वेळीच काढून घेतले नाही तर ते उसळून मनगटावर बसे. म्हणून घरातील लहान मुलांस विहिरीच्या त्या बाजूस येऊ देत नसत.